फड: उसाचा, तमाशाचा आणि पेशव्यांच्या दफ्तरातला

जुन्नर तालुक्यात ऊसतोड लागली की एक बातमी ठरलेली: फडात बिबट्याचे बछडे सापडले. तोडणारी बाई वाकून बुडख्यावर कोयता मारते, पाचट बाजूला सारते आणि खाली मांजरीएवढी दोन पिल्लं दिसतात. पुढे गुढीपाडवा जवळ आला की त्याच तालुक्यातल्या नारायणगावची दुसरी बातमी येते: फड दाखल झाले, राहुट्या लागल्या. तालुका तोच, शब्दही तोच, पण तिथल्या कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो कोश उघडून बसणाऱ्याचा. उसाचं रान, तमाशाची मंडळी, वारकऱ्यांची परंपरा, कुस्त्यांचं मैदान, जुगाराचा अड्डा आणि सरकारी कचेरी हे सगळं एका शब्दात कसं काय मावलं?

कचेरीपासून सुरुवात करू, कारण तो अर्थ आज आडनावापुरता उरलाय. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरातला मुख्य विभाग म्हणजे फड. हुकूम आणि सनदा तिथून निघायच्या, हिशेब तिथे यायचे. त्याच्यावरचा अधिकारी तो फडणीस. बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००) या माणसाचं मूळ आडनाव आज फारसं कुणाला आठवत नाही, नाना फडणवीस म्हटलं की पुरतं. काहींच्या मते हा शब्द फारसी ‘फर्द’वरून, म्हणजे कागदाच्या बंदावरून आला, काही म्हणतात, फडावर लिहिणारा तो फडणीस. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, याबद्दल मात्र वाद नाही. चिटणीस आणि सबनीस त्याच घरातले.

कागदाचा पसारा सोडून पाण्याकडे वळलं तर खानदेशातला फड भेटतो, आणि मला विचाराल तर या शब्दाचा सगळ्यात देखणा अर्थ हाच. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनेकशे वर्षांपासून फड पद्धतीचं सिंचन चालत आलं. नदीला दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि जादा पाणी परत नदीला सोडायला सांडम. ओलिताखालचं सगळं रान तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेलं. त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड, आणि एका फडात एका हंगामाला पीक एकच. यंदा या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, पुढच्या वर्षी अदलाबदल.

यातली खरी मेख जमिनीच्या वाटणीत आहे. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे एकाच जागी नसून प्रत्येक फडात तिची एकेक पट्टी असायची. त्यामुळे ऊस कुठल्याही फडात लागो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा ऊस यायचाच. नदीला पाणी कमी दिसलं की गावकरी बसून ठरवत, यंदा अमुक फड पडीक. मग तो सगळ्यांचाच पडीक, एकट्यादुकट्याच्या पोटावर पाय नाही. पाणी द्यायला पाटकरी नि बारेकरी, राखणीला जागल्या. शेतकऱ्यानं स्वतः बारं फोडायला जायचंच नाही, म्हणजे रात्री बांधावर भांडणंही नाहीत. पुढे ज्याच्या त्याच्या रानात विहीर आणि मोटार आली. घरचं पाणी झालेला माणूस फडाच्या ठरावाला कशाला बांधून घेईल? कित्येक ठिकाणी ही घडी विस्कटली ती इथूनच.

उसाचं रान म्हणजे फड, हे मात्र महाराष्ट्रभर रुळलं. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग कारखाने वाढले, तसा बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून टोळ्यांनी येणारा ऊसतोड मजूर या शब्दाला जोडला गेला. इथला हिशेब माणसागणिक होत नाही, तो कोयत्यावर होतो: नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दिलेली असते, वही मुकादमाकडे असते. त्या वहीत बाईचं वेगळं नाव सहसा नसतं.

ही वही महत्त्वाची. फडाचे सगळे अर्थ शेजारी शेजारी मांडले की माणसं जमणं तर सगळीकडे दिसतंच. पण नुसती माणसं जमली की ती गर्दी. चार हात एका कामाला लागले आणि त्यांचा मेळ राखायला कुणी एक बसला, की फड. कचेरीत फडणीस, पाटावर पाटकरी, रानात मुकादम. पंढरीच्या वाटेवर फडकरी: वासकर, देहूकर, आजरेकर, शिरवळकर अशी घराणी आपापल्या दिंड्यांची शिस्त, कीर्तनाचा क्रम नि भजनाची पद्धत सांभाळत आलीत. पत्त्यांच्या फडातसुद्धा नाळ, म्हणजे डावातला अड्ड्याचा वाटा, काढणारा एक असतोच. कुस्तीत पैलवान घुमतो तालमीत, आणि फड भरतो जत्रेला, जिथे जोड लावणारे पंच नि इनामाची यादी असते. आता गप्पांचा फड म्हटलं तर हा नियम थोडा सैल पडतो. पण तिथेही सगळ्यांना बोलू न देणारा एक असतो, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

राहिला तमाशा. त्याचा हंगाम दसऱ्याला उघडतो, खरी कमाई मात्र चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या राहुट्यांसमोर गाड्या लागतात. आत सतरंजीवर यात्रा कमिटीची चार-पाच माणसं, समोर तारखांची वही घेतलेला फडाचा व्यवस्थापक. बहुतेकांच्या रानातला ऊस नुकताच गेलेला, कुणाचं कारखान्याचं बिल अजून यायचंय, त्यामुळे घासाघीस जोरात. पौर्णिमेच्या आसपासच्या तारखांना भाव चढा, एक दिवस मागेपुढे सरकलं तर बरंच उतरतं. सुपारी ठरते, इसार दिला जातो, आणि वहीत गावाचं नाव लिहिता लिहिता व्यवस्थापक विचारतो, नुसता रात्रीचा खेळ हवा, का सकाळचा हजेरीचा खेळ पण?