हलके विमान उतरतानाचा अपघात

5,700 किलोग्रॅमच्या आतील विमानाला धावपट्टीवर टेकताना किंवा टेकल्यावर होणारा अपघात. प्रशिक्षणात नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे उसळी.

सेसना 172 जातीच्या विमानाचा अंतिम टप्प्यातला वेग 60 ते 70 नॉट (ताशी सागरी मैल) असतो. तो 10 टक्के जास्त राहिला तर गतिज ऊर्जा 21 टक्के वाढते आणि विमान धावपट्टीलगत तरंगत राहते. घाईने नाक खाली दाबले की पुढचे चाक आधी टेकते आणि विमान उसळते. पहिल्या उसळीत सहसा काही मोडत नाही; मोडते ते विमान दाबून बसवण्याच्या धडपडीत. उसळ्या वाढत जातात, नाकाच्या चाकाचा दांडा मुडपतो, फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली भिंत) वाकते, प्रोपेलर जमिनीला घासतो. मग इंजिन खोलून तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. मोठ्या उसळीनंतर शहाणपणाचे एकच: पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण शक्ती), नाक बेताचे वर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उतरणाऱ्या पट्ट्या) टप्प्याटप्प्याने आत आणि नवी फेरी.

बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 36 अंशांवर गेला की तिथली हवा साधारण 5,600 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगमापकाचा काटा 65 नॉट दाखवत असला तरी हवेतला खरा वेग 71 च्या आसपास असतो. जमीन वेगाने सरकताना पाहून नवशिका थ्रॉटल आणखी कमी करतो. विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याच्या, वेगाजवळ येते. वेग काट्यावरच पाहावा.

पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. 26 क्रमांकाच्या (म्हणजे साधारण 260 अंशांच्या दिशेच्या) धावपट्टीवर 230 अंशांवरून 16 नॉट वारा असेल तर आडवा घटक 8 नॉट. वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडची हलती पट्टी) खाली, नाक उलट रडरने (शेपटीचे सुकाणू) धावपट्टीच्या रेषेत. टेकल्यावर एलेरॉन सैल सोडला की वारा पंख उचलतो.

इंजिन बंद पडल्यास शेत उरते. 30 मे 2023 रोजी सांबऱ्याहून उडालेले प्रशिक्षण विमान होन्निहाळजवळ शेतात उतरवावे लागले; दोघांना किरकोळ दुखापत झाली. नांगरलेल्या काळ्या रानात सरीला आडवे उतरल्यास चाक रुतून विमान पालथे होऊ शकते, म्हणून सरीच्या दिशेनेच उतरावे. उभ्या उसात बांध दिसत नाही. टेकण्यापूर्वी इंधन व मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र) बंद करावेत, फ्लॅपचे काम संपल्यावर मास्टर स्विच (विमानाची मुख्य वीजकळ) बंद करावा आणि दारांच्या कड्या उघडून ठेवाव्यात. चौकट वाकली की दार अडकते.