कोबीच्या पानातलं पाणी

परवा भाची 'पालक रॅप'चं, म्हणजे सारण गुंडाळायच्या तयार पोळ्यांचं, पाकीट घेऊन आली. हिरवागार रंग, वर 'हलकंफुलकं' असा दावा. पाकीट उलटं करून घटक वाचले. पहिला मैदा, मग तेल, पालकाची भुकटी पार तळाशी. 100 ग्रॅमला सुमारे 300 किलोकॅलरी. रंग पालकाचा, कॅलरी मैद्याच्या!

'मल्टीग्रेन'चंही तेच. गहू, ज्वारी, नाचणी, कुठलंही पीठ घ्या, 100 ग्रॅममागे साधारण 320 ते 350 किलोकॅलरी असतातच. ज्वारी जरूर खावी, पण कॅलरी कमी म्हणून नव्हे. शिवाय तिच्यात ग्लुटेन नसल्यामुळे भाकरीची गुंडाळी करायला गेलं की ती तडकते.

कॅलरी खरोखर कमी करायच्या तर पिठाच्या जागी पाणी यायला हवं. म्हणून गुंडाळायला पोळीऐवजी कोबीचं पान. कोबीत 92 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 30 ग्रॅम कणकेची पोळी 100 किलोकॅलरीची, तेल वेगळं. कोबीचं 40 ग्रॅमचं मोठं पान जेमतेम 10 चं. (कोबी पचवायलाच जास्त ऊर्जा लागते, म्हणून तो 'उणे कॅलरी'चा, हे मात्र खोटं आहे. पचनाला एकूण ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा लागतो, त्याहून फारसा जास्त नाही.)

पानात गुंडाळून खाणं आम्हा बडोदेकरांना नवं नाही. अळूवडी आपली, पात्रा गुजराती शेजाऱ्यांचा. पण त्यात बेसन आणि तेल आलंच. अळूचं पान कच्चं वापरता येत नाही, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात. म्हणून मी खंडेराव मार्केटमधून कोबी आणला. सैल गड्डा निवडून घेतला, घट्ट गड्ड्याची पानं सुटता सुटत नाहीत.

कच्चं पान दुमडलं की कट्कन मोडतं. का? मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच. पानाची प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने ठासून भरलेली पिशवी. आत क्षार आणि साखर विरघळलेली, म्हणून पाणी पेशीच्या पातळ पटलातून आत शिरत राहतं आणि पेशीभित्तिकेला बाहेर रेटतं. या दाबाला टर्गर म्हणतात. तो सहज हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 4-5 पट असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुप्पट. भित्तिका आधीच ताणलेली, त्यात पान वाकवलं की बाहेरची बाजू आणखी ताणली जाते, एक पेशी फाटते, मग शेजारची, आणि चीर पळत सुटते. ज्या पाण्यामुळे पान हलकं, त्याच पाण्यामुळे ते ठिसूळ.

आता पान उकळत्या पाण्यात घाला. 60 अंशांच्या आसपास पेशीपटल विस्कटतं, पाणी झिरपतं, दाब उतरतो. पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन मात्र इतक्या लवकर विरघळत नाही. म्हणून दोन मिनिटांनी पान लवचीक होतं पण फाटत नाही, आणि दहा मिनिटांनी त्याचा लगदा होतो. पाणी आधीच खळखळतं हवं. कोमट पाण्यात घालून सावकाश तापवलं, तर 50-60 अंशांना पानातलंच एक विकर (एन्झाइम) पेक्टिनवरचे मिथाइल गट काढून टाकतं, मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतं, आणि भित्तिका उलट टणक होते.

उष्णतेऐवजी मीठही चालतं. कोशिंबिरीला पाणी सुटतं ते याचमुळे, मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणूनच सारण कोरडं ठेवावं आणि मीठ अगदी शेवटी घालावं. मटकीची सुकी उसळ किंवा पनीरची भुर्जी उत्तम. मेयोनीजचा एक मोठा चमचा 90 किलोकॅलरींच्या आसपास जातो, म्हणजे पोळीऐवजी एक पान घेऊन केलेली सगळी बचत एका चमच्यात गेली.

तिसरी रीत फ्रीझरची. सुरीने दांडा कोरून अख्खा गड्डा रात्रभर गोठवला, सकाळी ताटात ठेवला. बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फोडलेली होती. दुपारपर्यंत ताटात पाणी साचलं आणि पानं एकेक करून न तुटता सुटली, ओल्या कापडासारखी मऊ. मधली जाड शीर सुरीने तासून सपाट केली, पंच्यावर टिपून घेतली आणि उसळ भरून गुंडाळली. भाचीने चार गुंडाळ्या खाल्ल्या, एकही मोडली नाही.