बालहिवतापात लोह आणि झिंक

हिवताप म्हणजे मलेरिया झालेल्या लहान मुलांना औषधासोबत किंवा बरं झाल्यावर लोह, झिंक अशी खनिजं द्यावीत का, हा ह्या नोंदीचा विषय. मूळ उपचार औषधांचाच, व्हायवॅक्स ह्या प्रकारच्या मलेरियाला क्लोरोक्विन नि प्रायमाक्विन, फॅल्सिपॅरम ह्या जास्त घातक प्रकाराला आर्टेमिसिनिनवाली जोडऔषधं, त्यांची जागा खनिजं घेत नाहीत.

खरा वाद लोहाचा. सोमालियातल्या भटक्या लोकांना लोह दिल्यावर दबलेला मलेरिया उफाळला असं १९७८ च्या सुमारास छापून आलं होतं, पण विषय पेटला तो पेम्बामुळे. टांझानियाच्या ह्या बेटावर लहान मुलांना रोज १२.५ मिलिग्रॅम लोह नि फॉलिक ॲसिड देत होते, लोह मिळालेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून १२ टक्के जास्त निघाले म्हणून ते गट २००३ मध्येच बंद केले, निष्कर्ष २००६ ला आले. गंमत म्हणजे त्याच वेळी नेपाळच्या मलेरिया नसलेल्या भागातून तसाच प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तिथे मृत्यूंमध्ये फरक नव्हता. म्हणजे दोष नुसत्या लोहाचा नाही. नंतरच्या आढाव्यांचा कल, आणि तोच जास्त पटण्यासारखा, असा की मलेरियाची तपासणी नि उपचार जवळ असतील तर लोहाने धोका वाढत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. तापात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, त्याने आतड्यातून लोह शोषणं मंदावतं, म्हणून ऐन तापात सिरप पाजून फारसं हाती लागत नाही. शिवाय मलेरियानंतरचा फिकेपणा बराचसा लाल पेशी फुटल्यामुळे असतो, लोह कमी असेलच असं नाही.

झिंकचं प्रकरण त्यामानाने साधं. पापुआ न्यू गिनीत २००० च्या सुमारास नियमित झिंकने फॅल्सिपॅरमसाठी दवाखान्यात येणं ३८ टक्के घटलं, बुर्किना फासोत मात्र मलेरियावर परिणाम दिसला नाही, जुलाब तेवढे कमी झाले. आणि चालू तापात उपचार म्हणून? पाच देशांतल्या हजारावर मुलांना चार दिवस झिंक देऊन २००२ मध्ये उत्तर आलं: ना ताप लवकर उतरला ना रक्तातले मलेरियाचे परजीवी लवकर कमी झाले. तापात रक्तातलं झिंक तसंही खाली जातं, ते यकृताकडे वळतं, त्यामुळे तेवढ्या रिपोर्टवरून कमतरता ठरवू नये. जुलाबात मात्र झिंक हवंच, दिवसाला २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्याला १०, असं १० ते १४ दिवस.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी ह्या पावसाच्या पट्ट्यात जास्त लागू होतो. ॲनिमिया मुक्त भारत ह्या सरकारी कार्यक्रमाखाली (२०१८) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिली सिरप असतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह. आजारपणात ते थांबवायचं, बरं वाटलं की परत सुरू, ही सूचना पेम्बाच्या धड्याशी जुळतेच. पण "ताप आला होता म्हणून" बाटली फडताळात कायमची राहिली तर तेही नुकसानच. नागलीची भाकरी पोषक खरी, कॅल्शियम भरपूर, लोहही असतं, पण धान्यातल्या फायटेट ह्या लोह धरून ठेवणाऱ्या घटकामुळे ते अंगी लागायला जड, म्हणून सोबत लिंबू किंवा आवळा असला तर बरं.