ज्यूरीचा आकडा आणि न्यायाधीशाची कात्री

अमेरिकेत ज्यूरीने इजेच्या खटल्यात कोटींची भरपाई दिली की ती पहिल्या पानावर झळकते. न्यायाधीशाने पुढे ती निम्म्यावर आणली, तर कुणाला पत्ताही लागत नाही. या कपातीला वकील मंडळी 'रेमिटिटर' म्हणतात. लॅटिन शब्द, अर्थ 'सोडून दिले जाते'. सोडायचे असते वादीने. त्याला विचारले जाते, वरची रक्कम सोडतोस की खटला नव्याने चालवू? कॅलिफोर्नियात मात्र अपील संपल्यावर खालच्या कोर्टाकडे जाणाऱ्या कागदालाही रेमिटिटरच म्हणतात, त्यामुळे नवख्याचा घोळ ठरलेला.

संघराज्याच्या कोर्टांत याची सुरुवात 1822 च्या एका निकालापर्यंत मागे नेतात. तिथे 2000 डॉलर मिळालेल्या वादीला 500 सोडायला सांगितले होते. खरी गुंतागुंत झाली 1935 मध्ये. मोटार अपघातातल्या जखमीला ज्यूरीने अवघे 500 डॉलर दिले. न्यायाधीशाने प्रतिवादीच्या संमतीने ते 1500 केले. वादीला विचारलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही वाढ घटनाबाह्य ठरवली. युक्तिवाद असा: मोठ्या रकमेत लहान रक्कम असतेच, म्हणून कापलेला आकडाही ज्यूरीचाच, वाढवलेले पैसे मात्र ज्यूरीने कधी दिलेच नव्हते. गंमत म्हणजे, कपातीचा प्रश्न आज नव्याने आला असता तर कदाचित निकाल वेगळा लागला असता, हेही त्याच निकालपत्रात आहे. म्हणजे पाया डळमळीत, पण वहिवाट जुनी म्हणून चालू द्या! वाढ बंद आणि कपात चालू, यात झुकते माप कुणाला मिळते ते उघड आहे. ही बंदी राज्यांच्या कोर्टांना लागू नाही, एवढाच दिलासा.

संघराज्याच्या कोर्टांत वादीने कपात मान्य केली की त्याविरुद्ध अपील नाही, हे 1977 मध्ये ठरले. नव्या खटल्याचा पर्याय न देता रक्कम कापता येणार नाही, हे 1998 मध्ये.

किती म्हणजे जास्त? जुनी कसोटी होती 'विवेकाला धक्का बसेल इतकी'. न्यूयॉर्कने 1986 मध्ये ती सैल केली. वाजवी भरपाईपासून लक्षणीय फारकत दिसली तरी अपील कोर्टाला पुरे.

2018 च्या तणनाशक खटल्यात कात्री दोनदा चालली. शाळांच्या मैदानांची निगा राखणाऱ्या कर्करोगग्रस्त कामगाराला कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने सुमारे 28.9 कोटी डॉलर दिले. न्यायाधीशाने दंडात्मक भाग छाटून ते 7.85 कोटींवर आणले. 2020 मध्ये अपिलात उरले 2.05 कोटी. त्यातली एक कपात पाहण्यासारखी आहे. पुढच्या वेदनांसाठी ज्यूरीने वर्षाला 10 लाख धरून 33 वर्षांचे 3.3 कोटी दिले होते. अपील कोर्ट म्हणाले, पुराव्यानुसार हा माणूस इतकी वर्षे जगणारच नाही. मग त्या रकमेचे झाले 40 लाख. ज्या आजाराने आयुष्य तोडले, त्याच आजारामुळे भरपाईही तुटली.