वाचता वाचता आपण गोष्टच बदलतो

दोन पत्रं. एकात भारतातल्या लग्नाचं वर्णन, दुसऱ्यात अमेरिकेतल्या. मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी ही पत्रं भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दिली आणि नंतर आठवेल ते सांगायला लावलं. १९७९ साली निष्कर्ष छापून आले. आपल्याकडच्या लग्नाचं पत्र प्रत्येकाने भरभर वाचलं, तपशीलही जास्त लक्षात ठेवले. गंमत झाली ती परक्या पत्रात. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला झगा घातला होता. तिकडे तो मानाचा. एका भारतीय वाचकाला मात्र आठवला तो जुनाट, फॅशन गेलेला झगा! आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मावशीनेही विचारलंच असतं, "लग्नात नवीन काही घेतलं नाही का गं?"

अनुभवातून मनात तयार झालेल्या अशा साच्याला मानसशास्त्रात स्कीमा म्हणतात. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ सालीच हे दाखवलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्याने इंग्रज वाचकांना दिली. त्यांच्या आठवणीत सीलची शिकार मासेमारी झाली, आणि भुतं तर काहींच्या कथेतून गायबच झाली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. स्मृती असंच काम करते.

आता घरचं उदाहरण. सयाजीरावांचं बडोदं म्हटलं की आम्हा मराठी बडोदेकरांना सक्तीचं शिक्षण आणि वाचनालयं आठवतात. तेही खरंच. पण महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ मध्ये इथे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. एका हिंदू मित्राकडे विचारलं, तर त्याने सांगितलं की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दुसऱ्या कोणी ते 'जातीय त्रास' अशा दोन शब्दांत उरकलं असतं आणि आपला साचा जिथल्या तिथे राहिला असता. नोकरांची ती सबब मात्र कोणत्याच साच्यात बसत नाही, आणि ती सांगणार तो सोसणाराच.

मग अशा वाचनाने माणूस समंजस होतो का? २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा दावा होता की दर्जेदार कथांचे उतारे वाचल्यावर लगेच लोकांना डोळ्यांवरून भावना जास्त नीट ओळखता येतात. त्याचा गाजावाजा खूप झाला, पण पुढच्या मोठ्या फेरतपासणीत तो निकाल टिकला नाही. २०१८ मध्ये १४ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा परिणाम दिसला, पण अगदी थोडा. माझ्या मते ते साहजिकच आहे. एका उताऱ्याने साचा हलत नाही.

बार्टलेटचा प्रयोग घरी करून बघा. राठवा, भिल्ल किंवा पारधी समाजातल्या लेखकाची एखादी गोष्ट वाचा, आठवड्याने आठवणीतून लिहून काढा आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहा.