चिलापी हटत का नाही?
भिगवण-इंदापूरकडे भीमेवरच्या उजनी धरणाच्या काठावर मच्छी थाळी मागवा, ताटात चिलापी यायचे चान्सेस भरपूर, आणि खाणाऱ्याला वाटतं हा भीमेचाच मासा. अहो, ही मूळची आफ्रिकेची! चिलापी म्हणजे तिलापिया; त्यातली मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये मुद्दाम आणली, स्वस्तात प्रोटीन मिळेल म्हणून, आणि १९५९ मध्येच तिच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली, पण ती कागदावर. मागाहून तिची मोठ्या अंगाची बहीण नाईल तिलापियाही आली.

आता गंमत बघा. रोहू एका वेळी लाखांनी अंडी घालते, चिलापी काहीशेच, तरी जिंकते चिलापी. कारण रोहू-कटल्याला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, वर्षाकाठी एक सीझन, आणि धरण बांधून ते वाहणंच आपण अडवलंय. शिवाय अंडी सोडली की आईबाप मोकळे. चिलापीला साठलेलं पाणी चालतं, वर्षातून कितीतरी वेळा. नर तळाच्या गाळात तोंडाने गोल खड्डा उकरतो, मादी त्यात अंडी घालून लगेच तोंडात उचलते आणि पिल्लं निघेपर्यंत जवळपास उपाशीच राहते, नंतरही जरा धोका वाटला की पिल्लांची अख्खी झुंड परत आईच्या तोंडात! गर्दी झाली तर दोन-तीन महिन्यांची, बोटभर असतानाच ती अंड्यावर येते. मग मासे ढीगभर पण किरकोळ, त्यांना भाव कोण देणार.

शेवाळ, किडे, दुसऱ्यांची अंडी, काही म्हणजे काही सोडत नाही, त्यामुळे इथल्या माशांच्या तोंडचा घास जातोच.

तरी सगळं खापर तिच्यावर फोडणं मला पटत नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, ऑक्सिजन कमी झाला की नाजूक मासे आधी जातात आणि चिलापी तग धरते. शिवाय तिच्यावर कितीतरी मच्छीमारांची चूल पेटते, त्यांना काय सांगणार? आणि कटला-रोहू तरी कुठे इथले, तेही गंगेकडून आणून सोडलेले, फक्त त्यांना कोणी उपरे म्हणत नाही.

जगातल्या १०० सगळ्यात त्रासदायक घुसखोर प्रजातींच्या यादीत मोझांबिक तिलापिया आहे, पण तिच्या स्वतःच्या आफ्रिकेतल्या नद्यांत मात्र तीच धोक्यात आलीये. तिथे बाहेरून सोडलेल्या नाईल तिलापियाशी तिचा संकर होतोय आणि शुद्ध जात कमी होत चाललीये.