थंडरबर्डमध्ये ‘के’ दाबल्यावर काय होते?

थंडरबर्ड या ई-मेलच्या प्रोग्राममध्ये आलेली मेल एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, वाचत असताना ‘के’ दाबले, की पुढच्या लिंकवर उडी बसते. मेलच्या यादीत असताना तीच कळ दाबली, तर त्या विषयावरचा सगळा पत्रव्यवहार दुर्लक्षित ठरतो आणि यादीतून नाहीसा होतो. नवी मेल लिहायच्या खिडकीत मात्र नुसते ‘के’ अक्षर उमटते. म्हणजे कळ एक आणि कामे तीन, आणि यातले कोणते होणार हे कर्सर कुठे आहे त्यावर ठरते. बघून काम करणाऱ्याला ते एका नजरेत कळते, ऐकून काम करणाऱ्याला विचारावे लागते.

म्हणून आज्ञांचे लांबलचक तक्ते पाठ करण्याआधी विचारण्याच्या तीन आज्ञा बोटांत बसवाव्यात. इन्सर्ट + टॅब दाबले की सध्या कर्सर कशावर आहे ते ऐकू येते, इन्सर्ट + टी ने खिडकीचे नाव आणि इन्सर्ट + एंडने तळाची स्थितीपट्टी. (लॅपटॉपवर इन्सर्टचे काम कॅप्स लॉकला देता येते. तिथे स्थितीपट्टीसाठी शिफ्टही जोडीला लागते.) बोलणे मध्येच थांबवायचे तर नुसते कंट्रोल.

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला. पडद्यावरचे चित्र ओळखून तो बोलतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो समोरच्या प्रोग्रामला प्रश्न विचारतो: या वस्तूचे नाव काय, ती बटण आहे की यादीतली ओळ, ती निवडलेली आहे का, उघडलेली आहे का. या प्रश्नोत्तरांची पहिली पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणली. थंडरबर्ड ज्या इंजिनावर चालतो तेच फायरफॉक्सचेही आहे, आणि ते तिच्या पुढच्या, अधिक तपशील देणाऱ्या पद्धतीने उत्तरे देते. प्रोग्रामने एखाद्या बटणाला नावच दिले नसेल, तर एनव्हीडीए नुसते ‘बटण’ म्हणतो. त्यात दोष त्याचा नसतो.

उघडलेल्या मेलच्या मजकुराची एनव्हीडीए स्वतःकडे एक प्रत करून घेतो आणि त्या प्रतीत आपल्याला बाणांनी फिरू देतो. याला ब्राउझ मोड म्हणतात. त्यात एच म्हणजे पुढचे शीर्षक, के म्हणजे लिंक, टी म्हणजे तक्ता. यादीत किंवा लिहिण्याच्या जागेत फोकस मोड असतो, तिथे कळा थेट थंडरबर्डकडे जातात. इन्सर्ट + स्पेसने मोड बदलतो. मोठी मेल उघडताना प्रत तयार व्हायला क्षणभर लागतो, आणि घाईने बाण दाबला तर ‘रिकामे’ असे ऐकू येऊ शकते. थोडे थांबावे, तरीही तसेच राहिले तर इन्सर्ट + एफ५ ने प्रत ताजी करावी. मेल खरोखर कोरी आहे असे समजून ती पुसणारे लोक असतात.

थंडरबर्डची मूळ मांडणी डोळ्यांसाठी केलेली आहे: डावीकडे फोल्डर, शेजारी यादी आणि निवडलेल्या मेलचा चौकोन. ऐकणाऱ्याला तो चौकोन अडचणीचाच होतो, कारण नुसते यादीतून जातानाही मेल उघडते आणि ‘वाचलेली’ होते. एफ८ ने तो बंद करावा. मग सेटिंग्जमधल्या वाचनाच्या भागात ‘मेल नव्या खिडकीत उघडा’ हा पर्याय निवडावा. आता एंटरने मेल वेगळ्या खिडकीत उघडते, एस्केपने बंद होते आणि आपण यादीत त्याच ओळीवर परततो. फोल्डर आणि यादी यांच्यात फिरायला एफ६.

२०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून यादीला दोन रूपे आहेत, कार्डांचे आणि तक्त्याचे. तक्ता घ्यावा. त्यात एनव्हीडीए ओळीतले रकाने क्रमाने वाचतो, म्हणून नको ते रकाने काढले की प्रत्येक ओळ आखूड होते. प्रेषक, विषय, तारीख, वाचली की नाही आणि अटॅचमेंट आहे का, इतके पुरते. दिवसाला शंभर मेल येत असतील तर ओळीमागे दोन सेकंद कमी लागणे ही मोठी बचत आहे.

यादी संभाषणांच्या गटांत मांडलेली असेल तर उजव्या बाणाने गट उघडतो, डाव्याने मिटतो. इथला खड्डा असा, की मिटलेल्या गटावर डिलीट दाबले तर आतल्या सगळ्याच मेल जातात. थंडरबर्ड आधी इशारा देतो, पण ‘पुन्हा विचारू नका’ वर एकदा खूण केली की तोही बंद. लगेच कंट्रोल + झेड केले तर मेल परत येतात. नवशिक्याने गटांची मांडणी बंदच ठेवावी. एन ने पुढची न वाचलेली मेल, एम ने ‘वाचली’ची खूण बदलणे, ए ने संग्रहात टाकणे, जे ने जंकमध्ये टाकणे: या एकाक्षरी आज्ञा यादीत फार उपयोगी आहेत, आणि लिहिण्याची खिडकी समोर आहे असे समजून यादीतच टाइप करत राहिले तर तितक्याच घातक.

जाहिरातवजा मेलमध्ये चौकटींचे जंजाळ असते. व्ह्यू मेनूत मजकूर ‘साध्या एचटीएमएल’ रूपात दाखवण्याचा पर्याय आहे, तो निवडला की बराच पसारा जातो. बँकेच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक उघडण्याआधी तिच्यावर उभे राहून इन्सर्ट + के दाबावे. ती खरोखर कोणत्या पत्त्यावर नेते ते ऐकू येते. लिंकचे नाव आणि पत्ता जुळत नसेल तर मेल जंकमध्ये.

कंट्रोल + आर ने उत्तर, कंट्रोल + शिफ्ट + आर ने सर्वांना उत्तर. या दोघींत एका कळीचाच फरक आहे, म्हणून पाठवण्याआधी शिफ्ट + टॅबने पत्त्यांपर्यंत मागे जाऊन नावे ऐकावीत. नवी मेल कंट्रोल + एन ने. पत्त्याची पहिली अक्षरे टाइप केली की सुचवण्या येतात. खालच्या बाणाने नाव पूर्ण ऐकूनच एंटर करावे, कारण एकाच आडनावाच्या माणसांत इथे हमखास घोळ होतो. खात्याच्या सेटिंग्जमध्ये उत्तर जुन्या मजकुराच्या वर सुरू होईल असे ठेवावे. खाली ठेवले तर समोरच्या स्क्रीन रीडरवाल्याला प्रत्येक वेळी सगळे जुने आधी ऐकावे लागते.

फाइल जोडायला कंट्रोल + शिफ्ट + ए आणि पाठवायला कंट्रोल + एंटर. त्यानंतर ‘पाठवायची का?’ असे विचारले जाते, ती विचारणा चालू राहू द्यावी. फाइल जोडायची राहिली तर आठवण करून देण्याची सोयही आहे, पण ती ठरावीक शब्द शोधते. सेटिंग्जमधल्या त्या शब्दांच्या यादीत ‘सोबत’, ‘जोडला’, ‘जोडली’, ‘जोडत’ अशी रूपे एकेक करून घालावीत.

मराठी मेलची खरी गंमत आवाजात आहे. बहुतेक मेलमध्ये मजकूर कोणत्या भाषेत आहे याची खूण नसते, त्यामुळे ‘भाषा आपोआप बदला’ हे सेटिंग चालू असूनही आवाज बदलत नाही. फक्त इंग्रजी जाणणारे काही आवाज देवनागरी आले की सरळ गप्प बसतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रोग्रामचा इंग्रजी आवाज देवनागरी शब्द हिंदीच्या नियमांनी उच्चारतो, म्हणून ‘चमचा’ आणि ‘जवळ’ कानाला खटकतात. ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, तो निवडला की देवनागरी मराठीत आणि रोमन शब्द इंग्रजी नियमांनी येतात. आपल्या सरमिसळ पत्रव्यवहाराला हेच बरे. हा आवाज फक्त मेलपुरता हवा असेल तर थंडरबर्ड चालू असताना इन्सर्ट + कंट्रोल + पी ने त्या प्रोग्रामसाठी वेगळे प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचा वेगळा संच, करावे.

लिहिताना आणखी एक अडचण. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे यंत्राच्या आवाजात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. महत्त्वाचे नाव किंवा पत्ता असेल तर बाणाने एकेक अक्षर तपासण्याला पर्याय नाही. जोडाक्षर आतून अनेक घटकांचे असते: ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. बॅकस्पेस एका वेळी बहुधा एकच घटक पुसतो आणि मागे पाय मोडलेला ‘क्’ उरतो. खोडल्यावर शब्द पुन्हा ऐकावा. यादीत परतल्यावर विंडोज + स्पेसने कीबोर्ड इंग्रजीवर आणावा, नाहीतर एकाक्षरी आज्ञा चालतीलच असे नाही.

काही मेल मात्र कोणत्याही सेटिंगने वाचता येत नाहीत. युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली परिपत्रके अजूनही अटॅचमेंट होऊन फिरतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, आणि स्क्रीन रीडर तीच निरर्थक ओळ इमानाने वाचतो. त्या फॉन्टचा परिवर्तक मिळाला तरच मजकूर युनिकोडमध्ये येतो. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले पत्र हे तर नुसते चित्र. त्यातून अक्षरे काढायला टेसेरॅक्ट हा मोफत प्रोग्राम वापरता येतो, पण त्यासाठी मराठीची भाषा-फाइल वेगळी उतरवावी लागते आणि स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) आसपासचे, सरळ असावे लागते. पाठवणाऱ्याने स्कॅनसोबत तोच मजकूर मेलमध्ये युनिकोडमध्ये चिकटवला, तर यातले काहीच करावे लागत नाही.